पहिल्या दोन खेपा

माणूस उभा जन्म एकाच खाडीवर अलीकडे-पलीकडे करत राहिला, की त्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, कंटाळा नाही आला का. दुसरा, कधी कोण बुडालं का. पहिल्याचं उत्तर मी देत नाही, कारण विचारणारा बहुतेक स्वतः कुठल्या तरी कचेरीतून निवृत्त झालेला असतो. दुसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी मधल्या जुव्याचा तारी. जुवा म्हणजे खाडीतलं बेट, आणि तारी म्हणजे तरीवरची, उतारूंना पैलतीरी ने-आण करणारी, होडी चालवणारा. माझ्याआधी हे काम माझे वडील करत. त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला सातवी, म्हणजे तेव्हाची फायनल, होईपर्यंत शिकवलं आणि पास झाल्यावर माझ्या हातात वल्हं दिलं. फायनल पास झालेला तारी त्या काळी मालवणच्या साऱ्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. ही गोष्ट मी रोज कुणाला ना कुणाला ऐकवत असे. पुढे जे घडलं त्याचं मूळ बरंचसं या मिजाशीत आहे.

जुवा केवढा, तर वरच्या वाडीत विडी पेटवून निघालं की ती विझायच्या आत रेवेची वाडी येते. वरच्या वाडीत भात, माड आणि मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरी यांवर जगणारी माणसं. रेवेच्या वाडीत मासेमारी करणारी. मोटार नाही, बैलगाडी नाही, कारण रस्ताच नाही. मे महिन्यात आलेले मुंबईकर म्हणत, काय शांतता आहे हो तुमच्याकडे. शांतता होती ती अशी, की एका घरातलं भांडण पुढच्या चार घरांत शब्दन् शब्द ऐकू जाई आणि ती चार घरं श्वास धरून ऐकत. एका पाहुण्याने धक्क्यावर उतरताच टॅक्सी कुठे उभी असते असं मला विचारलं. मी म्हटलं, आत्ता उतरलात तीच. एकाने हौसेने सायकल आणली. घरापासून विहिरीपर्यंत ती चाले, मग शेताची मेर, म्हणजे बांध, आडवी येई. तिथे तो सायकल खांद्यावर घेऊन मेर ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा बसायचा. रेवेच्या वाडीतली रुक्मावयनी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालली होती. ती थांबली आणि शांतपणे म्हणाली, "रे, तू सायकलीर बसतंस काय सायकल तुझ्यार बसता?" पुढच्या मेमध्ये सायकल आली नाही.

तरीचं काम बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. माणसं भरायची, वल्हं मारायचं, माणसं उतरवायची. पण खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास उशिरा. अमावास्या-पुनवेला उधाण. तेव्हा पाणी खूप चढतं आणि उतरतंही तितकंच. अशा सुकतीला, म्हणजे ओहोटीला, होडी धक्क्याला लागतच नाही. भरती सुरू होऊन पाणी जरा आलं, की मग सुटायचं. हे आमच्या गावात कुत्र्यांनाही ठाऊक होतं. तालुक्याच्या कचेरीला नव्हतं. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली होती, सगळ्या देशाला शिस्त लावायचं चाललं होतं, तेव्हा कचेरीने आम्हाला वेळापत्रक पाठवलं. पहिली खेप सहाला, दुसरी सातला, रोज. मी ते धक्क्यावरच्या फळीला ठोकलं. खाडीने वाचलं नाही.

आता तात्या. तात्या वरच्या वाडीतले. मुंबईत एका कंपनीत हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन गावी आले ते काळा कोट, छत्री आणि अर्ज करायची सवय घेऊन. मुंबईत माणूस वेळ घालवायला चौपाटीवर जाईल, सिनेमाला जाईल. जुव्यावर तात्या काय करणार? त्यांनी माकडांविरुद्ध अर्ज केला. पोस्टमन होडीत गाणं म्हणतो म्हणून अर्ज केला. शेजाऱ्याचा माड आपल्या अंगणाकडे वाकतो म्हणून केला. माणूस वाईट नव्हता, रिकामा होता. कुणाच्या घरी आजारपण आलं तर पहिलं औषध तात्यांच्या पेटीतून जाई. पण वाईट माणूस दमतो आणि थांबतो. रिकामा माणूस थांबत नाही.

एका सकाळी पहिल्या खेपेला तात्या होडीत बसले आणि पाठोपाठ रेवेच्या वाडीतल्या बायका चढल्या. रोज चढत. पहाटे होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळी पाटीत घालायची, पहिल्या खेपेने पलीकडे जायचं आणि आतल्या गावांत उन्हं चढायच्या आत विकायची. उशीर झाला की पलीकडच्या किनाऱ्यावरच्या बायका विकून गेलेल्या असतात. पाट्यांतलं पाणी ठिबकतं, ते होडीच्या तळाशी साचतं. त्या दिवशी ते तात्यांच्या धोतराला लागलं. तात्या काही बोलले नाहीत. ते बोलत नसत, लिहीत असत.

दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. पडवीत शाई, टाक, कोरा कागद.

"सखाराम, माझा हात हल्ली कापतो. तुझं अक्षर मोत्यासारखं आहे. एवढं जरा उतरवून दे."

हात कापत नव्हता. कचेरीत तात्यांचं अक्षर एव्हाना सगळे ओळखायला लागले होते आणि पाहताच बाजूला ठेवत होते, एवढंच. हे मला तेव्हाही समजलं होतं. पण अक्षर मोत्यासारखं म्हटल्यावर फायनल पास माणसाचं काय होणार? मी बसलो. तात्यांनी सांगितलं, मासळीच्या वासाचा त्रास होतो असं लिही. मला ते फार साधं वाटलं. मी म्हटलं, तात्यांनू, "असह्य दुर्गंधीमुळे सभ्य उतारूंची कुचंबणा होते" असं लिहू? तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मुंबईत असतो तर त्यांनी मला तिथल्या तिथे बढती दिली असती.

सात जणांनी खाली सह्या केल्या. सातही घरांत मासळीशिवाय घास उतरत नसे. अर्ज पुरा झाला तेव्हा तात्यांच्या घरातून बांगड्यांच्या तिखल्याचा वास पडवीपर्यंत आला होता. काकींनी, म्हणजे तात्यांच्या पत्नींनी, मला जेवायला बसवलं. मी दोन बांगडे खाल्ले, पोटभर सार-भात जेवलो आणि हात धुऊन असह्य दुर्गंधी पाकिटात घातली.

तात्यांच्या शंभर अर्जांना आलं नव्हतं ते याला आलं. उत्तर. महिन्याभरात हुकूम आला की मासळीच्या पाट्या बाळगणाऱ्या उतारूंस सकाळच्या पहिल्या दोन खेपांत घेऊ नये, कारण असह्य दुर्गंधीमुळे सभ्य उतारूंची कुचंबणा होते. माझेच शब्द, वर शिक्का. खरं सांगतो, ते वाचून मला आधी आनंद झाला. कचेरीने माझा एक कानाही बदलला नव्हता.

हुकूम फळीला ठोकला त्या सकाळी रुक्मावयनी पाटी घेऊन आली. ती तेव्हा चाळिशीची असेल. नवरा समुद्रातून परत न आलेला, मुलगा मुंबईत गोदीत. तिच्यामागे तिची धाकटी जाऊ पारू, अंगाने लहानशी, बोलायला त्याहून लहान. त्यांच्यामागे आणखी चार-पाच जणी. मी काठी आडवी धरली.

"ह्यां काय?" रुक्मावयनीने विचारलं.

"हुकूम इलोहा."

"कोणाचो?"

"कचेरीचो."

"वाचून दाखय. माका खंय येता वाचूक."

तिच्या मुलाची पत्रं मीच वाचून दाखवायचो, उत्तरंही मीच लिहायचो. त्याच सवयीने मी वाचलं, मोठ्याने, सावकाश. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"कुचंबणा म्हणजे काय रे?"

"अडचण."

"मगे अडचण असां कित्याक नाय लिवलां?"

"कचेरीची भाषा तशी आसता."

तिने जरा विचार केला. "कचेरी थंय, वास हंय. तेंका वास कसो गेलो?"

होडीत तात्या बसले होते, ते पलीकडच्या किनाऱ्याकडे पाहत होते. जन्मात त्यांनी तो किनारा इतक्या बारकाईने पाहिला नसेल. मी काठी काढली आणि होडी सोडली. बायका धक्क्यावर उभ्या राहिल्या.

तिसऱ्या खेपेला मी त्यांना नेलं. ऊन चढलं होतं, गिऱ्हाईक संपलं होतं. संध्याकाळी अर्ध्या-अधिक पाट्या तशाच परत आल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी रुक्मावयनीने आपल्या वाडीतल्या बायकांना एकत्र केलं आणि काहीतरी ठरवलं. काय ठरवलं ते वरच्या वाडीला दुपारी जेवताना समजलं.

त्या दिवसापासून वरच्या वाडीत मासळी येईना. बायका दारावरून जात, पाटीवर फडकं घट्ट बांधलेलं. काकींनी हाक मारली तर पारू खाली बघून पुढे जाई. कुणी वाटेत अडवलं तर रुक्मावयनी म्हणे, "नको गो बाय, तुमका वास येतलो." उरलेली मासळी त्या मीठ लावून रेतीवर सुकवायला लागल्या. वरच्या वाडीत पहिले दोन दिवस डाळ झाली. तिसऱ्या दिवशी कुळथाची पिठी. मग पुन्हा डाळ. मालवणकडच्या माणसाला आठ दिवस मासळीशिवाय ठेवा, तो भावाविरुद्धही साक्ष देईल. सह्या करणाऱ्या सात जणांपैकी चौघे एकेकटे येऊन मला सांगून गेले, की आपण कागद न वाचताच सही केली.

माझ्या घरीही तेच ताट होतं. माझी बायको फारशी बोलत नसे. पाचव्या दिवशी पिठी वाढताना म्हणाली, "लिवा आता एक अर्ज. बायलेन परत पिठी केल्यान म्हणान."

अर्ज मी लिहिलाय हे तिला मी सांगितलं नव्हतं. पण ते हुकुमातले शब्द ऐकताच तिने ओळखलं होतं. तिच्याशी भांडतानासुद्धा मी तसलेच शब्द वापरायचो.

यात हसण्यासारखं होतं तोवर मी हसलो. मग अमावास्या जवळ आली.

रेवेच्या वाडीच्या टोकापाशी खाडीत एक उतार आहे. उधाणाच्या सुकतीला पाणी तळाला गेलं की तिथून चालत पलीकडे जाता येतं. गुडघाभर, मध्ये एका जागी कमरेभर. अमावास्येच्या सुमाराला ही सुकती पहाटे उजाडताना येते. बायकांनी हिशेब बरोबर केला होता. होडी नको, उतारावरून जायचं, पहिल्या खेपेच्याही आधी पोचायचं. दोन दिवस त्या तशा गेल्या. मी धक्क्यावरून पाहिलं. डोक्यावर पाट्या, लुगडी वर खोचलेली, एका रांगेत. मी त्यांना सांगायला हवं होतं की हे करू नका. पण सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग होडीत घेतंस? म्हणून सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मासेमारीच्या होड्या उशिरा लागल्या. सुकती आपल्या वेळेला आली आणि उलटली. बाकीच्या बायका पाणी पाहून परत फिरल्या. रुक्मावयनी आणि पारू पाण्यात उतरल्या.

मी त्याच वेळी पहिली खेप घेऊन निघालो होतो. होडीत तात्या, आणखी सहा जण. तात्यांना कणकवलीची एस.टी. गाठायची होती, कारण कणकवलीला कुणाकडे तरी एक अर्ज समक्ष द्यायचा होता. स्वच्छ उजाडलं होतं. आम्ही खाडीच्या मध्यावर आलो तेव्हा मला उताराच्या बाजूला त्या दोघी दिसल्या. त्या मधल्या उंच पट्ट्यावर उभ्या होत्या. पुढे पाणी वाढलं होतं, मागेही वाढलं होतं. भरती शिरते तेव्हा आवाज करत नाही, नुसती दोन्ही बाजूंनी येते. रुक्मावयनीच्या छातीपर्यंत पाणी होतं. पारूची हनुवटी वर होती.

इथे मला एक सांगायचं आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी वल्हं थांबवलं आणि होडी वळवायच्या आधी तात्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कशासाठी पाहिलं? परवानगीसाठी. फळीवरचा हुकूम माझ्या डोक्यात इतका बसला होता, की बुडणाऱ्या बाईला पहिल्या खेपेत घ्यायचं की नाही हे मी सभ्य उतारूला डोळ्यांनी विचारलं. दोन श्वासांचा वेळ गेला असेल. त्या दोन श्वासांत पारू एकदा खाली गेली.

तात्या म्हणाले, "सखाराम, आधी आम्हाला उतरव, मग काय ते बघ. माझी गाडी आहे."

हे ते शुद्ध मराठीत म्हणाले. मी होडी वळवली. होडी आडवी होऊन पाण्याने एक हेलकावा दिला, तशी त्यांची मुंबई सुटली. "अरे मेल्या, खंय नेतंस? मरान जातलंय मी हंय."

"मरणां दोन आसत तात्यांनू," मी म्हटलं, "आधी जवळचां बघुया."

हे वाक्य मी पुढे पुष्कळ वेळा लोकांना सांगितलं आणि दाद घेतली. आधीचे दोन श्वास सांगितले नाहीत.

जवळ गेलो तेव्हा रुक्मावयनीने एका हाताने पारूला काखेत धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरची पाटी. पारूची पाटी केव्हाच गेली होती. तिच्यातले पेडवे, बोटाएवढे मासे, पाण्यावर तरंगत होते.

"पारूक आधी घे," ती म्हणाली. "माका उबां रवाक गावता."

तिला उभं राहता येत नव्हतं. तिचे पाय सुटलेले मला दिसत होते. मी वाकून पारूला ओढलं. ती पिळलेल्या कपड्यासारखी आत आली आणि तात्यांच्या पायांवर पडली. मग रुक्मावयनी. पाटी तिने सोडली नाही. पाटीसकट ती होडीत आली आणि पाटी कलंडली, नि सगळी मासळी सभ्य उतारूंच्या मांडीवर, कोटावर, पिशव्यांत गेली. कुणी हललं नाही. होडी काठोकाठ पाण्याला लागली होती. हललं असतं तर आम्ही सगळेच गेलो असतो. मी इतक्या सावकाश वल्हं मारलं, की नऊ माणसांचा श्वास मला मोजता आला असता. पलीकडे पोचेपर्यंत पारू ओकत होती, रुक्मावयनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

कोण बुडालं का, याचं उत्तर असं. बुडालं नाही. पण पारू त्यानंतर पाण्यात उतरली नाही. होडीतही बसली नाही. तिने जुवा सोडला नाही, अगदी भाचीच्या लग्नालाही नाही. घराच्या मागे सुकी मासळी राखत तिने बाकीचं आयुष्य काढलं. मुंबईकर म्हणत, काय शांत बाई आहे.

तात्यांना त्या दिवशी एस.टी. मिळाली. कंडक्टरने त्यांना मागच्या बाकावर बसायला सांगितलं आणि आजूबाजूची माणसं उठून पुढे गेली, असं म्हणतात. कणकवलीला उन्हात त्यांनी छत्री उघडली तेव्हा आतून दोन पेडवे पडले, असंही म्हणतात. मी पाहिलेलं नाही. ज्यांनी मला सांगितलं तेही तिथे नव्हते. पण गावात ही गोष्ट इतक्यांनी इतक्या तपशिलाने सांगितली, की आता ती खरी मानायला हरकत नाही.

संध्याकाळी परत आल्यावर तात्यांनी नवा अर्ज केला. या वेळी हात कापला नाही. तारी सखाराम याने होडी मार्गावरून वळवली, ठरलेल्यापेक्षा जास्त माणसं घेतली, आणि मनाई असताना मासळीसह दोन स्त्रियांना पहिल्या खेपेत बसवलं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. यामुळेच तात्या धोकादायक होते. ते खोटं कधीच लिहीत नसत.

चौकशीला तालुक्याहून एक साहेब आले. गोल चेहऱ्याचे, घामाघूम, घाटावरचे, पण किनाऱ्यावर बदली झाल्यापासून मासळीची चटक लागलेले. होडीत बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे सुरमई चांगली मिळते म्हणतात." मी म्हटलं, साहेब, चौकशी झाल्यावर समजेल.

शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. साहेबांनी आधी होडीतल्या सहा जणांना विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? सहाही जणांनी सांगितलं की त्या दिवशी धुकं होतं, काही दिसलं नाही. त्या दिवशी धुकं नव्हतं. सहा माणसांनी एकाच वेळी तात्यांना न दुखवायचं, मला न बुडवायचं आणि रेवेच्या वाडीची मासळी पुन्हा मिळवायची ठरवलं, की आमच्याकडे धुकं पडतं.

मग रुक्मावयनीला बोलावलं.

"बाई, होडीची मनाई होती हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतां."

"मग पाण्यात का उतरलात?"

"होडी बंद केल्यात साहेबांनू. पाणी बंद केलेलां नाय."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. त्यांनी मूळ अर्ज फायलीतून काढला आणि वाचायला टेबलावर पसरला. रुक्मावयनी टेबलाजवळच उभी होती. तिने खाली पाहिलं, आणि पाहतच राहिली. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण मुलाला पाठवायचं प्रत्येक पत्र ती पाकिटात घालायच्या आधी बराच वेळ हातात धरून बघत असे, मी स्वतः पाहिलं होतं.

"ह्यां सखारामाचां अक्षर," ती म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तात्या पुन्हा कुठला तरी किनारा पाहायला लागले.

"माझ्या झिलाक पत्रां लिवतंस, तांच ह्यां," ती मला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "धक्क्यार माका वाचून दाखयलंस तेवा तुझां तुकाच ठावक होतां."

मी हो म्हटलं. एवढंच मला करता आलं.

साहेबांनी निकाल दिला तो कचेरीला शोभेल असाच. मूळ हुकूम योग्य आहे, मात्र त्याची अंमलबजावणी तूर्त स्थगित. तारी सखाराम यास जादा माणसं घेतल्याबद्दल ताकीद. आजतागायत तो हुकूम रद्द झालेला नाही. खाडीवर पूल झाला, होडी गेली, मी घरी बसलो, तरी कायद्याने त्या पहिल्या दोन खेपांत मासळीला मनाई आहेच.

दुपारी साहेब तात्यांच्या घरी जेवायला बसले. पानात डाळ आणि भोपळा. काकींच्या डोळ्यांत पाणी होतं. पाहुण्यासमोर असं पान त्यांनी कधी वाढलं नव्हतं. साहेबांनी डाळ बघितली, उठले आणि सरळ रेवेच्या वाडीत चालत गेले. मी मागोमाग. रुक्मावयनी दारात जाळं शिवत होती.

"बाई, एखादी सुरमई मिळेल का?"

"देतलंय हो. पण तुमचो हुकूम आसा. मासळी नि सभ्य माणसां एका जाग्यार येवची नाय. तुमी तर सभ्य दिसतास."

साहेब ओशाळले. मग हसले, मनापासून. "तूर्त स्थगित आहे ना," ते म्हणाले.

तिने त्यांना दोन सुरमया केळीच्या पानात बांधून दिल्या. परत जाताना त्या त्यांनी होडीत मांडीवर धरल्या होत्या. सारी खाडीभर वास येत होता आणि साहेबांची काही कुचंबणा झालेली दिसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून बायका पहिल्या खेपेत यायला लागल्या. तात्याही त्याच खेपेत. ते पुढच्या टोकाला बसत, त्या मागे. आठवड्याभरात काकींच्या घरी तिखला शिजला. तात्यांना मासळी मिळाली, सह्या करणाऱ्या सातही घरांना मिळाली. तात्यांशी रुक्मावयनी पूर्वीसारखीच भांडायला लागली. ती बांगड्याचा काहीतरी भाव सांगे, तात्या निम्म्याला मागत, ती त्यांच्या कोटाचा उद्धार करी, ते अर्ज करण्याची धमकी देत, आणि शेवटी ती दोन बांगडे वर टाकी.

माझ्याही दारात ती आली. पाटी उतरवली, फडकं सोडलं. मी नेहमीसारखं म्हटलं, "वयनी, काय भाव सांगतंस? वायच कमी कर."

तिने एकच भाव सांगितला. मासे दिले, पैसे घेतले, फडकं पुन्हा पाटीवर ओढलं. कमी केलं नाही, वाढवलं नाही, शिवी दिली नाही, वर एक मासा टाकला नाही. आमच्या किनाऱ्यावर मासळीवाली ज्याच्याशी घासाघीस करते तो तिचा माणूस. जिच्या तोंडून पहिला भाव हाच शेवटचा भाव निघतो, तिने तुम्हाला एस.टी.तून उतरलेल्या परक्या गिऱ्हाइकांत काढलेलं असतं.

मुलाला पत्रं ती नंतर शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेई. माझ्या होडीतून ती पुढे कितीतरी वर्षं गेली, रोज पहिल्या खेपेला, आणि उतरताना मी हात पुढे केला तर धरायची. मासळीही रोज माझ्याकडे यायची, ताजी, वजनाला चोख. ती गेली त्याच्या आदल्या आठवड्यात आली होती तेव्हाही मी म्हटलं होतं, वयनी, वायच कमी कर. तिने पहिला भाव पुन्हा एकदा सांगितला आणि मी दिला.